पाच किलो सातशे ग्रॅम

वजन उतरवून देणाऱ्या एका कंपनीने आमच्या मापाड्याला पाच किलो सातशे ग्रॅमने फसवलं. हा आकडा अंदाजाचा नाही. त्याच्याच काट्यावरचा आहे, त्यामुळे त्यात खोट निघायची नाही.

ज्यांनी मार्केट यार्ड फक्त बाहेरून पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. लिलावात शेतकऱ्याचा कांदा-बटाटा व्यापारी घेतो, पण वजन व्यापारी करत नाही आणि शेतकरीही करत नाही. ते मापाडी करतो. त्याच्या खिशावर बिल्ला असतो आणि तो जो आकडा बोलेल तो दोघांनी मुकाट्याने मान्य करायचा असतो. नाशिकच्या यार्डात, माझ्या गाळ्यासमोरच्या काट्यावर, हा माणूस एकतीस वर्षं उभा होता. त्याला नाव होतं, पण ते फक्त रेशनकार्डावर. शेतकरी, हमाल, आम्ही व्यापारी सगळे त्याला मापाडीच म्हणायचो. घरी बायकोही "मापाडी आले का?" असंच विचारायची.

गोण्या काट्यावर चढल्या की तो एक पाऊल मागे सरायचा, दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा आणि उजव्या हाताने डावं मनगट पकडायचा. काट्याला आपलं बोट लागलं असं पुढे कोणी म्हणू नये म्हणून. हिरवे आकडे खालीवर नाचत असायचे. शेतकरी मान पुढे काढायचा, माझा माणूस पावतीवर पेन टेकवायचा, आणि हा म्हणायचा, "थांबा. काटा ठरू द्या." आकडा ठरला की एकदाच बोलायचा. दुसऱ्यांदा विचारलं तर काट्याकडे हनुवटी करायचा.

मी नाशिक रोडला हातगाडीवर बटाटे विकत विकत या गाळ्यापर्यंत आलो. मला कोणी काही सोडलं नाही, मीही कोणाला काही सोडत नाही. त्यामुळे या माणसाशी माझं पहिली दहा वर्षं पटलं नाही. गोणीमागे माती, ओल अशी कारणं सांगून थोडं वजन कापून घ्यायचं, त्याला आमच्यात कडता म्हणतात. नियमात बसत नाही. मी मागायचो, खोटं कशाला बोलू. तो द्यायचा नाही. एकदा भांडण फार वाढलं तेव्हा मी बोलता बोलता चपलेचं टोक काट्याच्या कडेवर टेकवलं. मी तर शेतकऱ्याचा माल विकत घेणारा. काट्यावर वजन वाढून माझा काय फायदा, असं तुम्ही म्हणाल. पण तो दिवस विकायचा होता, घ्यायचा नव्हता. माझे बटाटे सुरतेच्या एका व्यापाऱ्याला मोजून द्यायचे होते. मापाड्याने आकड्याकडे पाहिलं नाही, माझ्या पायाकडे पाहिलं.

"शेठ, पाय पण विकायचा हाय का?"

सुरतवाला हसला, हमाल हसले. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्याला चहा पाठवला, कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की या माणसाने मोजलेला माझा माल सुरतेत कोणी पुन्हा मोजत नाही.

स्वतः मात्र हा माणूस चांगलाच वजनदार. हमाल त्याच्या तोंडावर म्हणायचे, मापाडी काट्याला टेकले तर दोन गोण्यांची पावती जास्त फाटेल. तोही हसायचा. मग गुडघे गेले. शुगर निघाली. सकाळभर उभं राहणं होईना, तो स्टूल घेऊन बसायला लागला, आणि बसलेल्या मापाड्याला आकडा तिरपा दिसतो, सरळ दिसत नाही, हे त्याचं स्वतःचंच म्हणणं. डॉक्टरांनी सांगितलं, वीस किलो उतरवा, नाहीतर उभ्याने करायचं काम सोडा. काम म्हणजे काटा. काटा सोडायचा म्हणजे काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याने मला विचारलं, "शेठ, वीस किलो म्हणजे किती हो?" रोज शेकडो क्विंटल मोजणारा माणूस.

मी म्हणालो, "अर्धी गोणी."

"एवढी पाठीवर घेऊन फिरतोय होय मी," तो म्हणाला.

ती कंपनी यार्डात आली माझ्यामुळे. आरोग्य शिबिर घ्यायला जागा हवी होती, मी गाळ्यापुढची शेड दिली. मोबाईलमध्ये त्यांचं अ‍ॅप टाकायचं, काय खाल्लं, किती चाललं ते रोज आणि वजन किती भरलं ते आठवड्याला लिहायचं, आणि त्यांची माणसं ते वाचून ज्याला त्याला त्याच्यापुरता सल्ला देणार. सहा महिन्यांची फी ऐकून मापाड्याने मान हलवली आणि काट्याकडे चालायला लागला. मी मॅनेजरला बाजूला घेतलं. सौदा हे माझं काम आहे. त्याला म्हटलं, फी विसरा. या माणसाचं वजन उतरलं तर याचा फोटो जाहिरातीत लावा, पेठपासून दिंडोरीपर्यंतचा शेतकरी याला ओळखतो, एवढी मोठी जाहिरात तुम्हाला कुठे मिळणार? मॅनेजरला पटलं. फॉर्म भरला गेला. मापाड्याने सही करण्याआधी एकच विचारलं.

"फोटोखाली लिहाल ते माझ्या काट्याचंच लिहाल ना?"

"हो काका, जे असेल तेच," मॅनेजर म्हणाला.

साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. त्या सौद्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

आता गंमत ऐका. अ‍ॅपमध्ये लिहायचं असायचं, पोळी मध्यम एक, भाजी एक वाटी. मापाड्याला हे सहन होईना. "मध्यम म्हणजे किती ग्रॅम? वाटी कुणाची?" असं तो मला विचारायचा, जणू ते अ‍ॅप मी काढलं होतं. शेवटी त्याने किराणा दुकानातला असतो तसा छोटा काटा घरी आणला आणि बायकोची भाकरी त्यावर ठेवली. आधी रिकामं ताट मोजलं, मग भाकरीसकट, मग ताट वजा. वहिनींनी तीन दिवस तोंड फिरवलं. त्यांचं म्हणणं, लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या भाकरीवर आजवर कोणी शंका घेतली नव्हती. चौथ्या दिवशी भाकऱ्या काट्याविना एकसारख्या उतरायला लागल्या, पाच-दहा ग्रॅमचा फरक. हे त्याने मला यार्डात सांगितलं तेव्हा बायकोचं कौतुक त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

स्वतःचं वजन तो दर मंगळवारी पहिला लॉट यायच्या आधी यार्डातल्या काट्यावर करायचा. मोठ्या काट्यावर उभा राहायचा, हात पाठीमागे घ्यायचा, आणि एरवी शेतकऱ्याला म्हणायचा तेच स्वतःला म्हणायचा, "थांबा." आकडा वाचायला मला बोलवायचा. आपलं वजन आपणच वाचायचं नाही, म्हणाला, दुसऱ्याने वाचलं पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात एक घोळ झाला. पहिल्या दिवशी काटा एकशे चार किलो पाचशे दाखवत होता, त्याने तसंच लिहिलं. रात्रभर त्याच्या मनाला लागून राहिलं. आमच्याकडे मालाचं वजन केलं की रिकाम्या गोणीचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करतात. दुसऱ्या दिवशी त्याने शर्ट, पँट, चपला, किल्ल्या, बिल्ला आणि तो मोबाईल असं सगळं पिशवीत भरून मोजलं. एक किलो तीनशे. वजा करून लिहिलं, एकशे तीन किलो दोनशे. लगेच मोबाईलवर रंगीत फुलं उधळली गेली. एका दिवसात एक किलो तीनशे ग्रॅम कमी, अभिनंदन.

तो इतका चिडला की मी त्याच्यापुढे शांत वाटायला लागलो. त्याने सल्ला देणाऱ्या मॅडमना लिहिलं: माझं काही कमी झालेलं नाही, बारदान वजा केलं आहे, पहिली नोंद खोडा. मॅडमनी विचारलं, बारदान म्हणजे काय? मग यार्डातल्या मापाड्याने शहरातल्या आहारतज्ज्ञ बाईंना निव्वळ वजन शिकवलं. त्यांना पटलं, पण अ‍ॅपमध्ये पहिली नोंद खोडायची सोयच नव्हती. ती तशीच राहिली. "खोटं एकदा चढलं की उतरत नाय," तो म्हणाला, आणि खरे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेगळे लिहायला लागला.

त्या मॅडमना आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नाही. पण बाई हुशार. हा माणूस चणेसुद्धा मोजून लिहायचा, त्यामुळे त्यांच्यापुढे त्याचा सगळा दिवस उघडा असायचा. मधले तीन आठवडे वजन एका जागी अडकलं, तेव्हा हमाल म्हणाले, मापाड्याचा काटा गंजला. मॅडमनी त्याच्या नोंदी वाचून सांगितलं की लिलावाच्या दिवशी तुम्ही पहाटेचा चहा घेऊन दुपारी दोनपर्यंत उपाशी उभे राहता आणि मग भुकेने दुप्पट जेवता. दहा वाजता मूठभर फुटाणे खा, आणि दोन लॉटच्या मधे शेडला एक फेरी मारा. फुटाणे सुरू झाले, फेऱ्या सुरू झाल्या, काटा हलला. मला तेव्हा जरा लाज वाटली. एकतीस वर्षं मी याच्यासमोर बसतो. तो दोनपर्यंत उपाशी असतो हे मला दिसलं नव्हतं. मी त्याने बोललेला आकडा तेवढा ऐकत होतो.

एकदा गाळ्यात पूजा होती. मी त्याला पेढा दिला, तो नको म्हणाला, मी हात धरून भरवला. अर्धा खाल्ला. संध्याकाळी नोंद: पेढा अर्धा, शेठने आग्रह केला. दुसऱ्या दिवशी मॅडमचं उत्तर आलं ते त्याने सगळ्या हमालांसमोर वाचून दाखवलं. "तुमच्या शेठना सांगा, पुढच्या वेळी पेरू द्या." यार्डात मला भाव सांगायची कोणाची हिंमत होत नाही, आणि एक न पाहिलेली बाई मला फळ सांगते. मी खूप आरडाओरडा केला. पुढच्या पूजेला पेरू आणले.

सहा महिन्यांनी मंगळवारी मी आकडा वाचला. बारदान वजा जाता त्र्याऐंशी किलो नऊशे. एकोणीस किलो तीनशे ग्रॅम उतरले होते. स्टूल केव्हाच हमालांनी पाणी ठेवायला नेलं होतं. तो सरळ उभा होता, शर्ट खांद्यावरून घसरत होता, खिशावरचा बिल्ला बरगडीपर्यंत आला होता. मी म्हणालो, "वीसच झाले की रे. सातशे ग्रॅमचं काय मोठं."

"सातशे ग्रॅम कांदा तुम्ही सोडता का, शेठ?"



कंपनीने हॉलमध्ये सत्कार ठेवला. निवेदिकेने मोबाईलमध्ये पाहून सांगितलं, काकांनी वीस किलो सहाशे ग्रॅम कमी केले. टाळ्या सुरू झाल्या. याने एका हातात पुष्पगुच्छ धरून दुसरा हात वर केला आणि माईक मागितला. आयुष्यात कधी माईकवर न बोललेला माणूस.

"एकोणीस किलो तीनशे," तो म्हणाला. "बाकीचे माझे कपडे हायेत."

आधी कोणाला कळलं नाही. मग हॉल हसायला लागला, आणि हसता हसता लोक उभे राहिले. मी चार गाळेवाल्यांना घेऊन गेलो होतो. त्यातला एकही मापाड्याला चांगलं म्हणणारा नाही, सगळ्यांचा कडता त्याने बुडवलेला. ते चौघेही उभे होते. मी नाशकात गाळा घेतला त्या दिवशीसुद्धा माझी मान इतकी ताठ नव्हती.

महिन्याभराने पेठ रोडला बोर्ड लागला. एका बाजूला जाड मापाडी, एका बाजूला सडसडीत मापाडी, दोन्हीकडे हात पाठीमागे. खाली माझ्या उंचीच्या अक्षरांत: २५ किलो.

यार्डाकडे येणारी प्रत्येक गाडी त्या बोर्डाखालून येते. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडीत घालून कंपनीच्या ऑफिसात नेलं. मॅनेजर गोड बोलला. बोर्ड मुख्य ऑफिसात बनतात, म्हणाला, पंचवीस हा आकडा लोकांच्या डोळ्यात भरतो, आणि काका, यात तुमचं काय नुकसान आहे, वाढवूनच सांगितलंय ना?

"मी कुणाला वाढवून दिलं असतं तर माझा बिल्ला गेला असता," मापाडी म्हणाला.

मॅनेजरने त्याला आणखी एक वर्ष अ‍ॅप फुकट देऊ केलं. मी टेबलावर हात आपटला, बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही. मापाड्याने माझी बाही ओढून मला बाहेर काढलं. त्यानंतर मी चार वेळा गेलो. दर वेळी मुख्य ऑफिसला कळवलंय एवढंच.

आणि मग ते झालं. दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याचा कांदा त्याच्या अपेक्षेपेक्षा कमी भरला. भला माणूस, वर्षानुवर्षं याच्याच काट्यावर माल घालणारा. पण भाव पडलेला, डोकं तापलेलं.

"मापाडी, बोर्डावर तुमचे पंचवीस," तो म्हणाला, "आन् मार्केटात सगळे म्हणत्यात एकोणीस. मंग माझ्या कांद्याचे किती धरायचे?"

दोन-चार जण हसले.  मापाड्याने सगळ्या गोण्या उतरवायला लावल्या, शेजारच्या काट्यावर पुन्हा मोजायला लावल्या. ग्रॅमचाही फरक आला नाही. शेतकरी ओशाळला, चुकलं म्हणाला, चहा मागवतो म्हणाला. पण त्यानंतर दिवसभर मापाडी आकडा स्वतःच्या तोंडाने बोलला नाही. हमालाला वाचायला सांगायचा आणि हात पाठीमागे घेऊन दुसरीकडे बघायचा.

सोमवारी त्याने बिल्ला जमा केला. अजून दोन वर्षं बाकी होती. मी आधी शिव्या दिल्या, मग समजूत घातली, मग हात जोडले. हे हात मी आजवर कोणापुढे जोडलेले नाहीत. म्हटलं, तुझी चूक काय? सगळ्या यार्डाला खरं माहीत आहे.

"शेठ, काटा बिघडला तर पासिंगला नेतात," तो म्हणाला. "सरकारी शिक्का मारून आणतात. मला कुठं नेणार?"

आता तो पेठच्या पुढे त्याच्या गावी असतो. रोज डोंगर चढून उतरतो, गुडघे तक्रार करत नाहीत. त्या मॅडमनी कंपनी सोडली, पण त्यांना तो अजून आकडे पाठवतो आणि त्या अजून उत्तर देतात. मंगळवारी मलाही फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "त्र्याऐंशी नऊशे. बारदान वजा." एवढं बोलून ठेवून देतो. काटा सुटू नये म्हणून या माणसाने अर्धी गोणी अंगावरून उतरवली, आणि ती उतरवल्याच्या पायीच त्याचा काटा सुटला. उतरवलेली गोणी मात्र त्याने परत चढू दिलेली नाही.

माझ्या गाळ्यासमोर नवा मापाडी आला आहे. वाईट नाही, पण घाईचा. आकडा नाचत असतानाच बोलून टाकतो, आणि बहुतेक वेळा तो माझ्या फायद्याचा असतो. परवा मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, थांब, काटा ठरू दे. हमाल माझ्याकडे बघायला लागले. मग माझ्या लक्षात आलं की माझे हात पाठीमागे होते.

बोर्ड अजून तिथेच आहे. फोटोचा सौदा मी केला, साक्षीची सही माझी आहे, म्हणून जाब विचारायचा हक्कही माझा आहे. मुख्य ऑफिसात बसून ज्याने कोणी तो आकडा लिहिला त्याने एकदा आमच्या यार्डात यावं. पहाटे, पहिल्या लॉटच्या आधी, मी असतोच. या रिकाम्या काट्यासमोर त्याने उभं राहावं आणि सगळ्यांदेखत सांगावं: एकोणीस किलो तीनशेचे पंचवीस केलेत, ते वरचे पाच किलो सातशे ग्रॅम तुम्ही कुठल्या काट्यावर मोजले?